कडेवरच्यांची मोजणी

माझ्या मावशीने आयुष्यभर माणसं मोजली. ही तिची नोकरी होती, आणि मला विचाराल तर तिचा स्वभावही तोच होता. शहराच्या पाहणी विभागात ती एकतीस वर्षं होती. चौकात, पुलाच्या तोंडाशी, शाळेच्या फाटकासमोर घडीची खुर्ची टाकून बसायचं आणि मुठीत मावणाऱ्या यंत्राची कळ अंगठ्याने दाबत राहायची. एक माणूस गेला की एक टिक. संध्याकाळी आकडा कागदावर चढायचा आणि दुसऱ्या दिवशी तो कागद टाइप व्हायला माझ्या टेबलावर यायचा, कारण त्याच विभागात मी टायपिस्ट आहे. मावशीने मला तिथे चिकटवलं असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. मी परीक्षा देऊन लागले, पण हे सांगून सांगून मी थकले आहे.

तिच्या उजव्या अंगठ्याला घट्टा होता. टीव्ही बघताना तो अंगठा आपोआप हलायचा. पडद्यावर माणसं आली की टिक, टिक. आजी गेली तेव्हा घरात नुसती रडारड चालली होती, आणि मावशी दाराशी कोरड्या डोळ्यांनी उभी. सगळं आटोपल्यावर ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "एकशे बारा माणसं आली होती गं आईला." आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. तेव्हापासून तिच्या मोजण्याची टिंगल करणं मी कमी केलं. बंद नाही केलं.

काका, म्हणजे तिचा नवरा, अगदी दुसऱ्या टोकाचा माणूस. कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेला, कधीही कशाचाही हिशेब न ठेवणारा. अकरा वर्षांपूर्वी एक फिरती जत्रा बंद पडली, तेव्हा तिथलं लाकडी घोड्यांचं चक्र त्याने उचलून आणलं. लहान मुलं घोड्यावर बसतात आणि सगळे घोडे गोल फिरतात, तेच ते. एकूण सोळा घोडे. तेरा घरामागच्या भाड्याच्या शेडमध्ये मावले, उरलेले तीन घरात आले. एक बैठकीत, त्याच्या पाठीवर वाळत घातलेले कपडे. एक जिन्याखाली. आणि एक, कान तुटलेला, झोपायच्या खोलीत मावशीच्या बाजूला, कारण काकाच्या बाजूला रंगाचे डबे होते. काका रोज कुठल्या ना कुठल्या घोड्याला रंग लावत असायचा. मावशी रोज कटकट करायची आणि रोज त्याच घोड्यांवरची धूळ पुसायची.

त्या वर्षी शेडच्या मालकाने निरोप पाठवला की वर्षअखेर जागा रिकामी करा. पाठोपाठ एक सजावटवाला येऊन घोडे बघून गेला. त्याला ते हॉटेलांच्या दारात उभे करायचे होते, एकेक, सुटे. काका त्याच्याशी गोड बोलला, चहा पाजला, आणि तो गेल्यावर दोन दिवस जेवला नाही.

नेमकं त्याच सुमाराला शहराच्या मनात आलं की जुन्या धक्क्यावर लहानशी करमणूक बाग काढावी. जुना धक्का म्हणजे गावाच्या टोकाचा दगडी काठ. पूर्वी तिथे बोटी माल उतरवायच्या, आता दोन गंजलेल्या क्रेन, रिकामी गोदामं आणि पाण्याकडे तोंड करून बसलेली बाकडी. झेपेल का त्या जागेला बाग? तिथे माणसं येतात तरी किती? ठरलं असं की चार रविवार मोजायचं. सरासरी दोन हजारांवर गेली तर बाग, नाहीतर फाइल बंद. आणि बाग झाली तर घोड्यांच्या चक्रासाठी शहरात अर्ज एकच आला होता, काकाचा.

मोजणीचं काम मावशीकडे आलं, तेव्हा ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. मी तिथेच कागद घेऊन उभी होते.

"साहेब, माझ्या घरी सोळा घोडे आहेत," ती म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मी पटकन पुढचं सांगितलं, नाहीतर त्यांनी डॉक्टरला बोलावलं असतं.

"मग दुसऱ्या कोणाला द्या हे काम," मावशी म्हणाली.

"दुसरा म्हणजे तो ना, जो तासभर मोबाइल बघतो आणि मग एकदम साठ टिका मारतो?" साहेब म्हणाले. "बाई, तुम्हीच बसा. घोड्यांचं मी फाइलीत लिहून ठेवतो." आणि खरंच लिहिलं.

घरी काकाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. त्या भरात तो बोलून गेला, "अगं, मग अंगठा जरा सैल सोड की. कोण बघतंय?"

मावशीचा पारा असा चढला की शेजारणीने खिडकी लावून घेतली. एकतीस वर्षांत एक टिक इकडची तिकडे केली नाही, आणि आता नोकरीचे सहा महिने उरलेले असताना करू? काकाने कान पकडले, तरी दोन दिवस अबोला. निरोप माझ्यामार्फत जायचे. "तुझ्या काकाला सांग, चहा टेबलावर आहे." काका समोरच बसलेला.

तिसऱ्या रविवारी मी तिला डबा द्यायला धक्क्यावर गेले, तर काका स्वच्छ शर्ट घालून तिच्या खुर्चीसमोरून ऐटीत चालला होता. थोड्या वेळाने गोदामांच्या मागून वळसा घालून पुन्हा तोच. चौथ्या फेरीला मावशी खुर्चीतूनच ओरडली, "अहो, घरी जा! तुम्हाला एकदाच मोजलंय!" बाकड्यावरची माणसं हसली. काका म्हणाला, "मी व्यायाम करतोय," आणि मान खाली घालून निघून गेला. हसू मलाही आलं, पण त्याच्या पाठीकडे बघून ते तिथेच थांबलं.

चार रविवार संपले. मी कागद टाइप केले आणि सरासरी काढली. एक हजार आठशे छत्तीस. तीनदा पुन्हा काढून पाहिली, आकडा काही हलेना. मावशीला तो माझ्याआधीच माहीत होता. ती घरी गेली, बैठकीतल्या घोड्यावरचे कपडे काढून त्यांच्या घड्या केल्या आणि ओल्या फडक्याने त्याचा चेहरा पुसत बसली. काका दारात उभा राहून बघत होता. तो एवढंच म्हणाला, "असू दे गं. तू मोजलंस म्हणजे तेवढीच असतील." यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

टाइप करताना मला एक गोष्ट खटकली होती. प्रत्येक कागदाच्या समासात बारीक ठिपके होते, मुंग्यांच्या रांगेसारखे, शेकडो. मी विचारलं तर मावशीने ताकास तूर लागू दिली नाही. "ते माझं माझ्यापुरतं आहे. तू रकान्यातलं टाइप कर."

सोमवारी बैठक होती. साहेब, बागेचा आराखडा करणारी तरुण इंजिनिअर, मावशी, आणि टिपण घ्यायला मी. साहेबांनी आकडा वाचला आणि फाइलीची नाडी हातात घेतली. मावशी टेबलावरच्या आपल्या अंगठ्याकडे बघत होती.

"थांबा, यात मुलं किती?" इंजिनिअरने विचारलं.

"तीनशे दहा," मावशी म्हणाली.

"बस? मी स्वतः रविवारी गेले होते. बाबागाड्यांमुळे मला चालायला जागा नव्हती!"

"बाबागाडी हे वाहन आहे," मावशी शांतपणे म्हणाली. "बिनइंजिनाचं. ते माणसांत धरत नाहीत."

"आणि कडेवरची? खांद्यावर बसवलेली?"

"ज्याचे पाय जमिनीला लागतात तो माणूस. आमचा नियम आहे."

इंजिनिअर एवढी हसली की तिचा पेन खाली पडला. साहेबांना हसू आलं नाही. ते जुने होते, त्यांना नियम माहीत होता. मावशी नोकरीला लागली तेव्हा मोजणी व्हायची ती चौकातल्या दिव्यांसाठी, रस्ता ओलांडायला किती वेळ द्यायचा ते ठरवायला. कडेवरचं मूल आईच्याच वेगाने ओलांडतं, मग त्याला वेगळं कशाला मोजा? चौकासाठी अगदी बरोबर. पण इथे चौक नव्हता. इथे प्रश्न होता की बागेत कोण येईल, आणि जे हमखास येणार तेवढ्यांनाच मावशीने शिस्तीत गाळलं होतं. तिच्याइतका प्रामाणिक मोजणाराच अशी चूक करू शकतो.

"मग ती किती होती हे आता कसं कळणार?" इंजिनिअर म्हणाली.

मावशी पुन्हा अंगठ्याकडे बघू लागली. मला ठिपके एकदम समजले आणि अंगाचा तिळपापड झाला. ही बाई आकडा जवळ असून बोलत नव्हती! मी खोकले. ती माझ्याकडे बघेना. मी दुसऱ्यांदा खोकले तेव्हा साहेब म्हणाले, "पाणी प्या."

"मी नाही पीत," मी म्हणाले. "मावशी, समासातलं सांग."

तिचा चेहरा पडला. "साहेब, मी आता सांगितलं तर लोक म्हणतील बाईने घोड्यांसाठी आकडा फुगवला," ती म्हणाली. "माझे कागद आजवर कोणी तपासले नाहीत. तेवढंच आहे माझ्याजवळ."

"मग आज मी तपासतो," साहेब म्हणाले. "काढा."

कागद टेबलावर पसरले. प्रत्येक कडेवरच्या, खांद्यावरच्या, बाबागाडीतल्या मुलाचा एक ठिपका, तासाप्रमाणे, त्या त्या वेळी काढलेला. नियमात बसत नव्हतं म्हणून तिने मोजलं नव्हतं, पण एवढी माणसं समोरून जातात आणि त्यांची कुठेच नोंद नाही हे तिला सहन झालं नव्हतं. साहेबांनी स्वतः पेन्सिलने ठिपके मोजले. आम्ही तिघी पेन्सिलीच्या टोकाकडे बघत. रविवारी सरासरी दोनशे नव्वद.

बेरीज मी केली. दोन हजार एकशे सव्वीस.

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर मी टिपणवहीवर डोकं टेकवून चक्क रडले, आणि टिपणात त्या जागी आजही डाग आहे. साहेबांनी फाइलीची नाडी सोडून दिली. इंजिनिअर म्हणाली, आकाशपाळणा इथे झेपणार नाही, मोठी बागही नाही. पण कडेवरची मुलं इतकी असतील तर लहान बाग नक्की चालेल. घसरगुंड्या, एक छोटी आगगाडी, आणि मधोमध घोडे. मावशीने पदराने चष्मा पुसला आणि विचारलं, "मग नियम बदलून लेखी द्याल ना, साहेब?"

संध्याकाळी घरी काकाला सांगायचं काम तिने माझ्यावर टाकलं नाही. "अहो," ती म्हणाली, "शेड सोडू या आपण." काकाचा हात रंगाच्या डब्यातच राहिला. मग ती म्हणाली, "घोडे धक्क्यावर चाललेत." तो तुटक्या कानाच्या घोड्याच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला, आणि वर आला तेव्हा त्याच्या नाकाला निळा रंग होता.

बाग सुरू झाली त्या रविवारी मावशी निवृत्त होऊन आठवडा झाला होता. यंत्र तिने परत केलं नव्हतं. साहेबांनी हरवलं असं लिहून घेतलं. काका चक्राच्या दांड्याशी उभा, नवीन शर्ट, छाती पुढे. मी आणि मावशी कठड्याबाहेर. मुलं आईबापांच्या कडेवरून उतरत होती ती थेट घोड्यांवर, आणि मावशीचा अंगठा थांबत नव्हता. सोळा घोडे, पंधरा मुलं. तुटक्या कानाचा रिकामाच होता.

"अगं, ये की," काका ओरडला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मावशी म्हणाली, पण यंत्र तिने माझ्या हातात ठेवलं. पदर खोचून चढली, मानेला घट्ट धरलं, आणि चक्र हललं. माझ्यासमोरून जाताना ती लहान पोरीसारखी हसत होती. मी अंगठा कळीवर नेला.

"मला नको गं मोजूस," ती ओरडली, "माझे पाय जमिनीला लागत नाहीत!"

मी कळ दाबली. नियम बदलला होता.