हेडलाइटवरचे ओरखडे

केतकी, ये, अशी जवळ बस. आणि तो मोबाईल पालथा घाल, तासाभरात तुझं ऑफिस बुडत नाही. काय म्हणालीस मघाशी? पुणं तुमच्या आयटीनं मोठं केलं? अगं, तुमच्या चकचकीत इमारती उठायच्या आधीपासून इथे गाड्या बनतायत, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांचे दिवे तुझ्या या आत्याच्या लाइनवरून गेलेत.

आमचं वर्कशॉप वारज्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. मोठ्या कंपनीला हेडलाइट पुरवायचो. असं सुटे भाग पुरवणाऱ्याला व्हेंडर म्हणतात. एका कंपनीच्या जिवावर असे कितीतरी व्हेंडर, आणि व्हेंडरच्या जिवावर टेम्पोवाले, खानावळी, खोल्या भाड्यानं देणारे. मी तिथे लाइन सुपरवायझर. जे शिकले ते लाइनवर उभं राहूनच. हाताखाली सगळ्या बायका.

मग बाजार खुला झाला, नवीन गाड्या आल्या आणि हेडलाइटची काच जाऊन प्लॅस्टिकची लेन्स आली. हलकी, फुटत नाही, सगळे खूश. पहिलाच लॉट कंपनीनं परत पाठवला. लेन्सवर बारीक ओरखडे.

आमचे मालक बापटसाहेब. मोजकंच बोलायचे, पण लागेल असं.

"सुमनबाई, काम करता की भांडी घासता?"

"साहेब, माझी भांडी याहून स्वच्छ असतात."

पुसायची फडकी बदलली. ट्रेमध्ये फोम घातला. ओरखडे होतेच. मग लक्षात आलं, कुसुमचा ट्रे रोज साफ निघतो. टेबल तेच, फडकं तेच. मी तिच्या मागे उभी राहून बघत राहिले. कुसुमचा नवरा वारलेला, तिचे हात मोकळे. बाकीच्यांच्या हातात काचेच्या बांगड्या. लेन्स दाबून बसवताना बांगडी घासायची. जुन्या काचेच्या लेन्सला काही व्हायचं नाही, प्लॅस्टिकला ओरखडा.

मी साहेबांना केबिनमध्ये हळूच सांगितलं. हा भला माणूस तडक लाइनवर आला आणि म्हणाला, "उद्यापासून सगळ्यांनी कुसुमताईंसारखे हात ठेवायचे."

नागपूरकडची प्रमिला उठून उभी राहिली. "काय बोलून राह्यले साहेब तुम्ही?"

कुसुमनं मान वर न करता लेन्स पुसली. "साहेब, आधी घरी वहिनींना सांगून बघा. त्यांनी ऐकलं की आम्हाला कळवा."

साहेब लाल होऊन आत गेले. मला बोलावलं. "चुकलंच माझं. पण आणखी एक लॉट परत आला, तर ऑर्डर गेली. मग मला लाइनवर मुलगे घ्यावे लागतील."

म्हणजे आमच्या बायका घरी. त्यांतल्या निम्म्यांच्या चुली त्या पगारावर पेटत होत्या.

बांगड्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, तर तिचा गोंद लेन्सला. रुमाल बांधला, तो सुटायचा. एक दिवस मी मोपेडवरून उशिरा पोचले. उन्हानं हात रापू नयेत म्हणून आपण घालतो ना, ते कोपरापर्यंतचे हातमोजे घाईत काढायचेच राहिले. तशीच एक लेन्स दाबली. बांगडी कापडाच्या आत, लेन्स स्वच्छ. मग पकड बसावी म्हणून हातमोज्यांची बोटं कापून टाकली आणि सगळ्यांना तसेच आणले.

कंपनीचा इन्स्पेक्टर आला. लाइन बघून म्हणाला, "काय मॅडम, सगळ्या गाडीवर निघाल्यात का?"

"तुमच्याच गाडीच्या नादाला लागल्यात. लेन्स बघा."

त्यानं ट्यूबखाली धरून लेन्सन् लेन्स फिरवून बघितली. चहा गार झाला. शेवटी म्हणाला, "पाठवा लॉट."

ऑर्डर राहिली. पुढे दुसरी शिफ्ट निघाली, नव्या बायका लागल्या. हातमोजे शिवायला शनिवार पेठेतला शिंपी धरला, त्यानंही हाताखाली माणूस ठेवला. कंपनीनं इतर व्हेंडरनाही हीच पद्धत लावली. कल्पना अर्थात त्यांचीच होती, असं त्यांच्या भिंतीवरच्या चार्टवर लिहिलेलं मी वाचलं.

कुसुमला गरज नव्हती, तरी तिनं हातमोजे मागून घेतले. "सगळ्यांना आहेत ना? मग मलाही." त्यानंतर लाइनवर कुणाचे हात कसे, हे लांबून कळेनासं झालं.

साहेब मात्र एक गोष्ट शिकले. नवीन नियम काढला, की लाइनवर सांगायच्या आधी घरी बोलून दाखवायचे.

निघालीस? बरं. कुसुम आता कात्रजला असते, येत्या रविवारी माझ्याकडे जेवायला येतेय. तूही ये. मी सांगितलेलं थोडं तिखटमीठ लावून आहे, खरं काय ते तिच्याकडून ऐक.