पालथे जोडे

नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे वजीहाच्या गच्चीवर बुटांच्या स्नानाचा दिवस. इर्बिद शहराच्या त्या चढावरच्या वस्तीत पाणी आठवड्यातून एकदाच येई. टाकीत पडणारी पहिली धार ऐकली की वजीहा डोक्यावरचा रुमाल मागे गाठ मारून बांधी, बाह्या सारी आणि परक्या पायांची ती रास उपसायला बसे. परक्या पायांचीच म्हणायची. ते बूट आलेले असत समुद्रापलीकडून, गाठोड्यांत कोंबून. कुणी विटून टाकलेले, कुणी वाढत्या पायाला पुरेनात म्हणून सोडलेले. जुन्या मालाच्या बाजारातला दुकानदार मुन्जिद ती गाठोडी फोडी आणि त्यांतले बरे बूट वजीहाकडे पाठवी. तिच्या हातून ते असे उजळून परतत, की गिऱ्हाइकाने नाकाशी नेऊन पाहावे आणि निमूट पायात घालावेत.

आणि काय ती तिची सेवा! नाड्या आधी सोडवायच्या, त्या साबणाच्या पाण्यात वेगळ्या भिजू द्यायच्या. आतली गादी अलगद उचलून निराळी धुवायची, कारण माणसाचा घाम तिथेच मुरतो. मग ऑलिव्हच्या तेलाचा साबण, दातांचा जुना ब्रश, कोमट पाणी, आणि शिवणीशिवणीतून फिरणारा हात. जोर नाही, घाई नाही, तान्ह्याच्या कानामागे फिरावा तसा. पांढऱ्या बुटाला ब्लीच लावायचे नाही, त्याने पांढरे पिवळे होते. ओल्या पांढऱ्यावर पातळ कागद लपेटायचा. वर येणारा पिवळेपणा तो कागद पिऊन घेतो. मखमली चामड्याला तर पाणीच वर्ज्य.

"हज्जा, त्याला शिळ्या पावाचा तुकडा घासा," मुन्जिदने एकदा सांगितले होते. वजीहाने हज केलेला नव्हता, पण पिकल्या केसांच्या बाईला तिकडे सगळे हज्जाच म्हणतात. "डाग असा उडतो! सगळे तसंच करतात."

"अन्न? जोड्याला?" वजीहाने ब्रश खाली ठेवला. "मुन्जिद, पाव जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावावा, हे तुझ्या आईनं तुला शिकवलं की नाही?"

"शिकवलं हो…"

"मग आईला लाजवू नकोस. जा, खोडरबर घेऊन ये."

अशी ती जपणारी बाई. तरी एका ठिकाणी तिला मन घट्ट करावे लागले होते, आणि ते ठिकाण म्हणजे वाळवणे. धुतलेला बूट उभा ठेवला तर पाणी उतरून बोटांच्या जागी साचते. वरून सुका दिसतो, आत कुबटतो, गोंद सुटतो आणि तळ आ वासतो. म्हणून तिने सुताराकडून एका लांब फळीत खुंट्या ठोकून घेतल्या होत्या. त्या खुंट्यांवर बूट पालथे बसत. तोंड खाली, तळ वर. तळ आकाशाकडे! जिथे वाटेत पडलेला पालथा जोडा दिसला तर चालता माणूस थांबून तो सुलटा करतो, कारण धुळीत फिरणारा तळ वर बसलेल्या धन्याला दाखवायचा नसतो, तिथे वजीहा ओळीच्या ओळी पालथ्या मांडी. मांडताना ओठांत म्हणे, "माफ कर. पाणी गळायला हवं."

आणि हे तिने कुणाच्या घरात मांडले होते? शिहादाच्या!

शिहादा तिचा नवरा. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू रसमी म्हणत. उमेदीची सारी वर्षे त्याने जरशच्या रस्त्यावर छोटी बस हाकली. पंडित नव्हता, कुराण पाठ असलेला हाफिज नव्हता, नमाजातल्या आयतीही त्याला मोजक्याच येत. पण एक व्रत त्याने आजन्म सांभाळले. लग्नघर असो, मयताचे घर असो, उंबऱ्याबाहेर जोड्यांचा ढीग दिसला की हा आत जाण्याआधी उकिडवा बसे आणि पालथा पडलेला एकेक जोडा सुलटा करी. राजाचा की रंकाचा, नवा की फाटका, विचारणे नाही. वस्तीतली पोरे मुद्दाम चपला उलट्या करून पळत. "अबू रसमी, इकडे एक राहिला!" म्हणून ओरडत. बसमधले प्रवासी थट्टा करीत, "ब्रेक सांभाळ बाबा, आमचे बूट आम्ही सांभाळतो." तो हसे. थट्टेने त्याचे व्रत कधी मोडले नाही.

वजीहाने खुंट्यांची फळी वर नेली तेव्हा तो ताळ्यावर होता. गच्चीवरच्या खुर्चीत बसून फळीकडे पाहत राहिला.

"वजीहा, एवढे सगळे तळ? वर?"

"मग काय करू? तोंड वर केलं तर पाणी जाईल कुठं?"

"ते खरं." मग त्याने खुर्ची फिरवली, फळीकडे पाठ करून बसला आणि म्हणाला, "वरच्याला कळतं. मला बघवत नाही एवढंच."

पुढे बुद्धी विझू लागली. आधी रस्ते गेले, मग नावे गेली, मग लेकीला तो बहीण समजू लागला. समजूत गेली तशी ती सवलतही गेली, जी त्याने बायकोच्या कष्टांना दिली होती; मागे उरला नुसता हात. तो पहाटेचा, दुपारचा, जिना चढून वर येई आणि ओलेकंच बूट खुंट्यांवरून उतरवून एकेक सुलटा मांडी. रांग सरळ, टाचेला टाच. मुद्रेवर असे समाधान, जणू प्रार्थनेला उभ्या माणसांच्या सफा लावून झाल्या.

"अहो, ओले आहेत ते!" वजीहा धावत येई. "काय केलंत हे!"

"पडले होते," तो सांगे. "सरळ केले."

ती पुन्हा पालथे करी. तो पुन्हा सुलटे करी. हिवाळ्यात ऊन अशक्त झाले आणि मुन्जिदचा चेहरा बदलला. एके सकाळी तो एक जोडी बोटांच्या चिमटीत धरून आला.

"हज्जा, वास घ्या."

तिने घेतला. जोडी खाली ठेवली.

"गिऱ्हाईक म्हणालं, यात भिजलेली बकरी राहत होती काय? दुसऱ्याचा तर तळच रस्त्यात सुटला. एका पायानं लंगडत आला तो दुकानात, चार माणसांसमोर! मी तुम्हाला आईसारखं मानतो. पण हिवाळी सुट्टी संपून शाळा उघडतायत, हा माल तरी कोरडा द्या. नाहीतर मला दुसरं घर बघावं लागेल. बोलायला मलाही बरं वाटत नाही."

घर त्या कामावर चालत होते. भाकर त्यावर, अबू रसमीच्या गोळ्या त्यावर. वजीहाने माल धुतला, पालथा मांडला आणि खाली येताना जिन्याच्या माथ्यावरच्या लोखंडी दाराला कुलूप घातले. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवून आत टाकली.

थोड्या वेळाने तो वर गेला. दार हलवल्याचा आवाज आला.

"वजीहा, दार अडकलंय."

"हो."

"किल्ली?"

"हरवली," ती म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी भांडली होती, रुसली होती, पण खोटे बोलायची गरज तिला कधी लागली नव्हती. आता ते किती सहज आले!

आणि तो? तो रागावला असता तर बरे झाले असते. तो किल्ली शोधायला लागला. साखरेच्या डब्यात पाहिले, गालिच्याखाली पाहिले, झातर मसाल्याच्या बरणीत बोट घालून पाहिले. दमला की दारापाशी जाऊन बसे आणि लोखंडावर तळहात टेकवून म्हणे, "पलीकडे पडलेत. मला माहीत आहे, पडलेत." मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तिला अत्यंत सौजन्याने सांगे, "बाई, किल्ली सापडली की मला हाक मारा हं." बाई! वजीहा चुलीकडे तोंड करून वांगी परतत राही, आणि छातीवरची ती थंड किल्ली तिला निखाऱ्यासारखी लागे.

माल वाळला. कापसासारखा हलका, साबणाचा मंद वास, एकही गादी दमट नाही. मुन्जिदने बूट हातात खेळवले, आत बोटे घातली आणि मोठ्याने देवाचे नाव घेतले.

"हज्जा, हात चुंबावेत असे आहेत तुमचे! आता दुप्पट पाठवतो."

वजीहाने त्याच दिवशी कुलूप काढून टाकले. पुढच्या पाण्याच्या दिवशी बूट धुऊन झाले, पालथे मांडून झाले, आणि तिने आपणहून त्याचा हात धरला. "चला, अबू रसमी. किल्ली सापडली."

तो वर आला. खुर्चीत बसला. ती मुद्दाम टाकीमागे गेली, बादली विसळण्याचे निमित्त केले आणि कान लावून राहिली. आता उठेल. आता खुंटीवरून पहिला बूट सरकेल. आता मी ओरडेन, तो म्हणेल, पडले होते. बादली विसळून झाली. शेजारच्या गच्चीवरची कबुतरे एक घिरटी घालून उतरली. काही वाजले नाही.

ती बाहेर आली. सगळे तळ आकाशाकडे होते, ओळीने, एकही न हललेला, आणि शिहादा त्यांच्यावरून नजर नेऊन पलीकडे पाहत होता.

"काय बघताय?"

"कबुतरं," तो म्हणाला.

तिने एक लहान मुलाचा बूट काढून त्याच्या पायांशी पालथा टाकला. त्याने पाहिले. पाय थोडा मागे घेतला, बुटाला लागू नये म्हणून. एवढेच.

शुक्रवारी लेक इंतिसार आली तेव्हा वजीहाने तिला सगळे सांगितले, कुलुपासकट.

"यम्मा, डॉक्टर बोललेच होते," इंतिसार म्हणाली. "एकेक गोष्ट जाणार. ही जायचीच होती. कुलपाचा काय संबंध?"

"कुलपाच्या आदल्या दिवसापर्यंत होती ती."

"एक दिवस आदला असतोच ना, प्रत्येक गोष्टीचा."

"तू दारामागे बसलेलं बघितलं नाहीस त्यांना."

"बरं, कुलूप नसतं घातलं तर काय झालं असतं? काम गेलं असतं. गोळ्या कुठून आणल्या असत्यास?"

"ते मला ठाऊक आहे ग," वजीहा म्हणाली. "ठाऊक आहे म्हणूनच झोप लागत नाही. चुकले असते तर तोबा केली असती, सुटले असते."

देवा, तुझ्या दारी हा कोणता न्याय मागावा? जे तिने मागितले तेच तिला मिळाले होते. बूट आता पालथेच राहत, कोरडे होत, मुन्जिद खूष होता. आणि तीच बाई पाचही नमाजांनंतर हात पसरून म्हणत होती, मला माझा त्रास परत दे. आजाराने नेले, की मी नेले? विस्तव आपण विझला, की कुणी पाणी ओतले? ज्याला विचारायचे तो खुर्चीत बसून कबुतरे मोजत होता, आणि ज्याला सारे ठाऊक तो बोलत नव्हता.

मग एका संध्याकाळी, पायथ्याच्या मशिदीतून बांग उठत असताना, वजीहा फळीपाशी गेली. पहिला बूट उतरवला. आतून थेंब ओघळून मनगटावर आला. तिला पुरते माहीत होते की हे पाणी आता टोकाशी साचणार, उद्याचे ऊन याच्या कामी जाणार. तिने तो सुलटा ठेवला. मग दुसरा. मग शिहादाला उठवून जवळ बसवले, त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि त्या हाताने तिसरा सुलटा केला. सगळी रास तिने अशी लावली, टाचेला टाच. नमाज झाली, दोघे उठली, आणि तिने एकटीने पुन्हा सगळे पालथे केले.

हे रोज होऊ लागले. माल एक दिवस उशिरा वाळू लागला.

"हज्जा, हे काय नवीन?" मुन्जिद वैतागला. "आधी ते भिजवत होते, आता तुम्ही?"

"तुला ओला दिला का एक तरी?"

"ओला नाही, पण उशिरा! बाजार थांबतो का कुणासाठी? का करता असं?"

"संध्याकाळी थोडा वेळ बूट सुलटे असतात," ती म्हणाली. "या घरात हे असंच चालणार. तुला परवडत नसेल तर दुसरं घर बघ. मी वाईट मानणार नाही."

मुन्जिदने दाढी खाजवली, जिन्याकडे पाहिले, खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिले. दुसरे घर त्याने पाहिले. अर्धा माल तिकडे जाऊ लागला. अर्धा अजून वजीहाकडे येतो. घरात भाजीवरचे तेल कमी झाले आहे. गोळ्या चुकलेल्या नाहीत.

संध्याकाळी ती दोघे फळीपाशी बसतात. त्याचा हात बहुतेक वेळा जड असतो, पाणी प्यायलेल्या लोकरीसारखा. नेला तिथे जातो, सोडला तिथे पडतो. वजीहा तो उचलते, बुटावर ठेवते, वळवते, पुढच्यावर नेते. काल एका पोरीच्या गुलाबी बुटावर तिला वाटले, मनगट आपणहून किंचित वळले. खरेच वळले, की तिचाच हात वळला होता? तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. पाहण्याचा धीर झाला नाही. तिने आपली पकड थोडी सैल केली, आणि त्याचा हात पुढच्या बुटावर नेऊन ठेवला.