धाकट्या जावयाची गाडी

सीटवाल्याला सगळं जग एकीकडे आणि साडू एकीकडे. लोकांच्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवून याची बोटं झिजली, पण दारात स्वतःची गाडी नव्हती. आणि मोठ्या मेहुणीच्या नवऱ्याने, म्हणजे या साडूने, कोरी पांढरी गाडी आणली. झालं! तेव्हापासून सासऱ्यांच्या तोंडी एकच, "थोरले जावई येतील, थोरले जावई सोडतील." बायकोही तीच री ओढायची. "भाऊजींच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही हो!" ते ऐकून याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तशात सासऱ्यांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. सीटवाल्याने मनाशी पक्कं केलं, म्हाताऱ्याला दवाखान्यातून घरी आणायचं ते मीच, माझ्या गाडीतून. एकदा तरी त्यांनी म्हणावं, धाकट्यांनी आणलं.

तो जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेला. स्वस्तातली गाडी घेताना माणूस काय बघतो? इंजिन, टायर, कागद. याने बघितल्या सीट! धंद्याची खोड, दुसरं काय. शिवण चाचपली, कोपरे दाबले. दुहेरी शिलाई, कुठे सुरकुती नाही. "जो माणूस सीट अशी ठेवतो, त्याने इंजिन कसं ठेवलं असेल!" स्वतःच स्वतःला पटवलं. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. बॉनेट आधीच गरम का, हे विचारायचं सुचलंच नाही. डोक्यात साडू बसला होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ढिम्म. मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही जायच्या आधी तापवून ठेवली होती ती. थंड पडली की ही सुरू व्हायची नाही. परत करा." परत? म्हणजे साडूला हसायला आयतं कारण! याने घरात चकार शब्द काढला नाही. रोज शेजाऱ्यांना धक्का मारायला लावायचा आणि वर म्हणायचा, बॅटरी जरा रुसलीय.

सासऱ्यांना घरी सोडायच्या दिवशी त्याने शक्कल लढवली. दवाखान्याच्या आवारात गाडी बंदच करायची नाही! पण सासऱ्यांना धरून आणायला तो आत गेला आणि तेवढ्यात वॉचमनने खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. बिल आणि कागदपत्रांत दोन तास गेले, हा बाहेर येईपर्यंत इंजिन गार. "वॉर्डात धूर जात होता, साहेब." सासरे मागे टेकून बसले. याने किल्ली फिरवली. खर्रर्र. पुन्हा फिरवली. खर्रर्र.

हा "नको, नको" म्हणेपर्यंत बायकोने भाऊजींना फोन लावलासुद्धा. साडू धावत आला. सासऱ्यांना अलगद आपल्या गाडीत बसवलं, बायकोही तिकडेच बसली. मग त्याने बंद गाडीला दोर बांधला. "काळजी करू नका, मी हळू ओढतो. तुम्ही फक्त ब्रेक सांभाळा."

निघाली वरात भर रस्त्यातून! पुढे कोरी गाडी, मागे हा. काचेतून सगळं दिसत होतं. सासरे काहीतरी सांगत होते, साडू मान डोलवत होता आणि बायको हसत होती. आपल्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसली होती? नुसता जळफळाट झाला त्याचा. उतार लागला. पुढची गाडी थांबायला लागली, दोर सैल पडला. याचा पाय ब्रेकवर होता आणि ब्रेक चांगले लागत होते. एक पोचा, त्याला वाटलं, एकच, त्या पांढऱ्या पत्र्याला. त्याने पाय उचलला.

धप्प.

साडू उतरला. पत्र्याकडे त्याने पाहिलंही नाही, थेट याच्या खिडकीशी आला. "तुम्हाला लागलं नाही ना? ब्रेक लागले नसतील. जुन्या गाडीचं असंच असतं, तुमचा काय दोष!"

सीटवाल्याने मान हलवली. पुढे सासरे दोन्ही हातांनी पोट धरून वाकले होते आणि बायको रडवेली होऊन "बाबा, बाबा" करत होती. साडूने घाईघाईने दोर सोडला आणि गाडी पुन्हा दवाखान्याकडे वळवली. बाजूने जाताना सासऱ्यांचा दबका आवाज याला ऐकू आला.

"धाकट्यांना असं एकटं सोडू नका हो. घाबरले असतील ते."