खाला एका शब्दावर कतारला गेली

“अजून?”

खाला हे विचारायची तेव्हा तिच्या चिमटीत एक भिजलेला वाल असायचा आणि भुवया पार कपाळावर गेलेल्या असायच्या. मी उत्तर दिलं की ती चिमूट दाबायची, वाल सालातून टुणकन उडून परातीत पडायचा, आणि लगेच पुढचा वाल. “अजून?”

बिरड्याचे वाल सोलता सोलता इंग्रजी शिकणारी बाई तुम्ही पाहिलीय कधी? मी पाहिलीय! मीच तर शिकवत होते!

तशी ती माझी मावशी वगैरे नाही. रोह्यात आमच्या शेजारचं घर तिचं, आणि आख्खी आळी तिला खालाच म्हणते. मी धाटावला एका कंपनीच्या ऑफिसात आहे. संध्याकाळी बसमधून उतरून दारात चप्पल काढते न काढते तोच पलीकडून हाक यायची, “ए कंपनीवाली! ये गो, चाय ठेवलाय!” चहा खरंच ठेवलेला असायचा, पण शेजारी परातसुद्धा ठेवलेली असायची. मग काय, मीपण वाल सोलायला बसायचे.

तर झालं असं होतं. खालाचा धाकटा मुलगा कतारला असतो. बायको केरळची, तिथेच भेटलेली. त्याला तिची भाषा येत नाही, तिला याची येत नाही, म्हणून घरात सगळा कारभार इंग्रजीत. आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी तर फक्त इंग्रजीच बोलते. आता सुनेला नोकरी लागली आणि खालाला बोलावणं आलं. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत घरात दोघीच. दादी आणि नात.

“तिथं घराघरात मोलकरणी असतात,” खाला म्हणाली. “खाली मान घालून काम करतात. मीपण तशीच मुकी राहिले तर ती पोर मला काय समजल? दादी का मोलकरीण?”

हे ती हसत हसतच म्हणाली. पण हातातला वाल तसाच राहिला होता.

मी म्हटलं, आपण रोज पाच शब्द करू. तर म्हणे, “पाच नको. माझ्या डोक्यात जागा नाय. एकच दे, पण असा दे, दहा जणांचं काम करील.”

मी विचार करून करून ‘गेट’ दिला. फाटकवालं नाही हो, दुसरं. आधी सांगितलं, गेट म्हणजे मिळणे. मग सांगितलं, आणणे पण. मग पोचणे, होणे, समजणे. गेट अप म्हणजे ऊठ. गेट इन, आत बस. गेट वेल, बरी हो. खाला वाल सोलायचीच विसरली.

“एवढासा शब्द नि इतकी कामं करतो? आणि तक्रार नाय करत? आमच्या मधल्या जावेला दाखवायला पायजे!”

त्या दिवसापासून तिला नुसतं वेड लागलं. मोबाईलवर शोधून शोधून मी अर्थ आणायचे, आणि तिला पुरायचेच नाहीत. मिळणं, कमावणं, पकडणं, गाठणं, यांना इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत हेही मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, “असू दे त्यांचे त्यांच्याकडं. आपला गेट बरा.”

आणि मग तो शब्द घराबाहेर पडला! मांजर ओट्यावर चढली की “गेट डाऊन!” दूधवाल्याला उशीर झाला की “गेट अप काय रे, झोपला होतास?” पेणला बहिणीकडे निघाली तर कंडक्टरला म्हणाली, “एक पेण गेट.” त्याने मुकाट्याने तिकीट फाडलं. घरी येऊन मला म्हणते, “बघ, सरकारला पण कळतं.” फक्त मच्छीवाली ऐकेना. खाला म्हणाली, “गेट कमी कर गो थोडं.” ती म्हणाली, “खाला, तू मडम झालीस तरी बोंबील तेच हायत.”

मी हसून हसून लोळायचे. ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगायचे. आमच्या शिफ्टची पोरं मला रोज विचारायला लागली, “काय मग, खालाचा गेट कुठपर्यंत पोचला?”

आणि मग आला शुक्रवारचा व्हिडिओ कॉल.

खाला नवीन ओढणी घेऊन बसली होती. फोन मी धरलेला. पलीकडे नात आली, दोन शेंड्या, हातात बिस्किट. खालाने खोल श्वास घेतला आणि सुटलीच. “गेट अप! गेट रेडी! गेट युवर बॅग! गेट इन! गेट वेल!”

सगळं एका दमात, आणि आवाज तर तुम्हाला माहीत नाही तिचा. आळीच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराला जेवायला बोलावते ती. नात बिस्किट टाकून सोफ्यामागे पळाली. तिथूनच तिने काहीतरी बारीक आवाजात विचारलं. मुलगा कसनुसा हसत म्हणाला, “अम्मी, ती विचारते, दादी माझ्यावर रागावली काय?”

कॉल संपला. मला अजून थोडं हसूच येत होतं, पण खालाकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

“मिळणं, समजणं, सगळं सांगितलंस तू मला,” ती म्हणाली. “मी नेमके हुकूमच उचलले. तीन पोरं हुकुमावरच वाढवली ना. मोलकरीण व्हायला भीत होते, हवालदार झाले.”

त्यानंतर हाकच बंद. मी बसमधून उतरायचे, मुद्दाम हळूहळू चप्पल काढायचे, पण पलीकडे सगळं गप्प. चहा नाही, परात नाही. मीच गेले शेवटी, तर म्हणाली, “शिकवू नको आता. जाते नि गप काम करते.”

पुढच्या शुक्रवारी मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. खालाने फोन डब्याला टेकवून ठेवला आणि सरळ वाल सोलायला घेतले. मान खाली. एक शब्द नाही. मुलगा बिचारा एकटाच बोलत होता, हवा, व्हिसा, विमान. मागे नात इकडून तिकडे फिरत होती. चिमूट, टुणकन. चिमूट, टुणकन. नात थांबली. एक पाऊल पुढे आली. मग अजून एक. शेवटी बापाला बाजूला ढकलून तिने स्क्रीनभर नाक आणलं. दादीच्या बोटांतून उड्या मारणारं ते पांढरं काय आहे ते तिला कळेना!

आणि ती म्हणाली, “दादी, कॅन आय गेट वन?”

तुम्ही खालाचा चेहरा बघायला हवा होता! मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने ओल्या हाताने मला गप्प केलं.

“मला नको सांगू. कळलं. तिला एक मिळेल का, म्हणते.”

आणि तिने काय करावं? परातीतला सगळ्यात मोठा वाल उचलला आणि फोनच्या काचेवर टेकवला. “गेट! घे गो माझी बाय, गेट!” आणि पलीकडे त्या पोरीने खरंच आ केला. तोंड उघडं ठेवून उभी! मग काय, दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की फोन डब्यावरून घसरून परातीत पडला आणि कतारला पाच मिनिटं नुसते वालच दिसत होते.

खालाला कतारला जाऊन आता सहा महिने झाले. पलीकडून हाक येत नाही, आणि बसमधून उतरताना मला उगाच घाई होते, मग आठवतं.

परवा सुट्टी होती, म्हणून दुपारी मीच व्हिडिओ कॉल केला. खालाने उचलला, म्हणाली, “थांब गो, हात खराब हायत,” आणि फोन ओट्यावर उताणा ठेवला. मला फक्त छत दिसत होतं. आणि ऐकू येत होतं भाकरी थापल्याचं, एक थाप मोठी, एक थाप बारीक. नातीचा आवाज, “दादी, नाय! माझी टर्न!” खालाचा आवाज, “पाणी किती घेतलंस बघ, फाटली ना!” “नाय फाटली!” “फाटली!” “नाय गो दादी!”

मी दोनदा “खाला” म्हणून हाक मारली. कुणाचं लक्षच नाही. तेवढ्यात स्क्रीनवर एक छोटंसं, पिठाने माखलेलं बोट आलं आणि त्याने माझा फोन कट केला.