दुधाचा पगार

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी संगमनेर तालुक्यातल्या एका गावात माझी नर्स म्हणून बदली झाली. माझे वडील नगरला मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि नर्सिंगही मी नगरलाच शिकले. वय तेवीस-चोवीस, अंगावर पांढरी साडी, हातात औषधांची पेटी. आपलं काम आपल्याला येतं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. ती नव्हती हे बरंच झालं, कारण बिचकणाऱ्या नर्सला गावातली म्हातारी माणसं उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

त्या गावात नुकतंच दूध संकलन केंद्र सुरू झालं होतं. त्याआधी घरचं दूध घरातच विरजलं जायचं. लोणी निघायचं आणि उरलेलं ताक शेजारीपाजारी फुकट वाटलं जायचं. आता सकाळ-संध्याकाळ लोक कॅन घेऊन केंद्रावर जात. दुधाचे पैसे ठरलेल्या दिवशी हातात पडत. त्याला सगळे ‘दुधाचा पगार’ म्हणत. पावसाच्या भरवशावर जगलेल्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा पगार मिळत होता, त्यामुळे तो शब्द उच्चारतानाच त्यांची मान ताठ व्हायची. गवताच्या छपरांजागी पत्रे चढले, सायकली आल्या, पोरींच्या पायात चपला आल्या. मला हे फार आवडलं. गरिबी हटली की निम्मे आजार आपोआप हटतात असं आम्हाला शिकवलेलं होतं, आणि इथे ती डोळ्यांदेखत हटत होती.

मग आजार का हटत नव्हते, हे मात्र मला कळेना. तपासायला येणाऱ्या गरोदर बायकांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या की आतून पांढऱ्याफटक. आणि त्यातल्या बहुतेक जणी नव्या पत्र्याच्या घरांतल्या.

त्यांच्यातली एक माझ्या खोलीपासून जवळच राहायची. तिचा नवरा नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात कामाला होता आणि महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. घरी सासू-सासरे, शाळेत जाणारी थोरली मुलगी आणि तीन गाई, त्यातली एक नवी जर्सी. तिन्हींच्या धारा हीच काढायची. सहावा महिना चालू होता. एकदा मी तिला विचारलं, “दूध पितेस ना गं?”

तिला हसूच आलं. “दूध? बाई, ते तर डेअरीला जातं.”

“आणि ताक?”

“दूधच राहत न्हाई तर ताक कुठलं?” मग इकडेतिकडे पाहून तिने आवाज खाली केला. “बाई, मला सांजचं नीट दिसत न्हाई. दिवेलागणीला समदं धुरकट हुतं. घरात न्हाई सांगितलं. उगं म्हंत्याल, कामाचा कंटाळा आला.”

पोटात मूल असताना अंगातलं सत्त्व कमी पडलं की काही बायकांना असं रातांधळं येतं. मी तिला रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या, रोज शेवग्याचा पाला नाहीतर मेथी खायला सांगितली आणि तशीच उठून तिच्या सासऱ्यांकडे गेले. ते गोठ्यात जर्सीपुढे पेंड ठेवत होते.

“बाबा,” मी म्हणाले, “सूनबाईला रोज दूध हवंय. अंगात रक्त नाही तिच्या.”

“गोळ्या द्या की. तुमी कशाला हाये मग?”

“गोळ्यांनी सगळं भागत नाही. गाभण गाईला तुम्ही पेंड घालता, धार बंद करून तिला आटवता, विसावा देता. मग सुनेलाच काही नको का?”

मला वाटलं होतं, हे त्यांना पटकन पटेल. पण म्हातारा ताडकन उभा राहिला. “माज्या सुनेला गाईच्या जोडीला बसवता व्हय? त्या दुधावर माज्या घरावर पत्रा आला. थोरली नात शाळंत जाती ती त्याच्यावरच. दुष्काळात खडी फोडलीया आमी, नर्सबाई. तवा न्हाई आलं कुणी दूध प्या म्हनायला!”

सासूबाई दारातून म्हणाल्या, “जावा बाई तुमी आता.”

मी गेले, पण हरले आहे असं मला वाटलं नाही. म्हाताऱ्याचं बोलणं खोटं नव्हतंच. पत्रा खरा होता, शाळा खरी होती. फक्त घरात आलेला पैसा सुनेच्या ताटापर्यंत पोहोचत नव्हता आणि तो तिथवर पोहोचवायचा रस्ता मला सापडायचा होता. मी रोज काही ना काही निमित्त काढून त्या घरावरून जाऊ लागले. सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं ऐकून घेतलं, तेल चोळून दिलं. हळूहळू चहा मिळायला लागला. कोराच!

मग एका संध्याकाळी मी चहा घेत बसलेली असताना गोठ्यात कॅन आपटल्याचा आवाज झाला. आम्ही धावलो. सूनबाई खाली बसली होती, कॅन आडवा पडला होता आणि दूध शेणात वाहत होतं. रागाच्या भरात सासरे ओरडले, “अगं, एवढा खुंटा दिसंना व्हय तुला?”

“न्हाई दिसत, मामंजी,” ती म्हणाली. “लई दिस झालं, सांजचं काईच दिसत न्हाई.”

मी तिथेच तिचं पोट तपासलं. बाळाची हालचाल नीट होती. म्हाताऱ्यांनी खुंट्याकडे पाहिलं. चांगला मांडीएवढा जाड खुंटा, अजून पुरता अंधारही पडलेला नव्हता. त्यांनी तिला हाताला धरून ओसरीवर आणून बसवलं. सासऱ्याने सुनेचा हात धरणं त्या घरात सोपी गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः माझ्या खोलीशी आले आणि बाहेर उभ्या उभ्याच बोलले. “नजर परत यील का तिची?”

“येईल. गोळ्या रोज न चुकता आणि सोबत दूध, मी सांगते तसं केलंत तर नक्की येईल.”

“सांजच्याला दूध घालायचं बंद करतो डेअरीला. सकाळचं तेवढं जाईल. चालंल?”

“चालेल,” मी म्हणाले. त्यांनी टोपी नीट केली आणि गेले.

पंधरवड्यातच ती मला संध्याकाळी सुईत दोरा ओवून दाखवायला आली. पुढच्या दोन महिन्यांत गालांवर रंग चढला. शेजारणींना ताक मात्र पूर्वीसारखं मिळालं नाही. जे काही निघे ते घरातच संपे. सगळंच जमलं, असं मी म्हणणार नाही.

बाळंतपणाच्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या आणि तपासल्यावर मला कळलं की मूल आडवं आहे. हे काम माझं नव्हतं. संगमनेरचं हॉस्पिटल गाठायला हवं होतं, आणि गावात एकच गाडी होती, दूध न्यायला आलेला डेअरीचा टेम्पो. मी पळत केंद्रावर गेले आणि ड्रायव्हरला सरळ सांगितलं, “कॅन खाली उतरवा. बाई न्यायचीय.” दोघा-तिघांनी कुरकुर केली, दूध नासेल म्हणून. तेवढ्यात सासरे आले आणि त्यांनी पहिला कॅन उचलून खाली ठेवला, तो त्यांचा स्वतःचाच होता. मग बाकीचेही भराभर उतरले. टेम्पोत कडबा पसरला, वर गोधडी घातली.

हॉस्पिटलात लगेच ऑपरेशन ठरलं. खर्चाचं बोलणं निघालं तेव्हा म्हाताऱ्यांनी धोतराच्या सोग्याला मारलेली गाठ सोडून दुधाच्या पगाराच्या नोटा पुढे ठेवल्या, कोणाकडे हात पसरावा लागला नाही. मुलगी झाली. रक्तस्राव बराच झाला होता. डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या जुन्या नोंदी पाहून म्हणाले, “अंगात रक्त होतं म्हणून निभावलं. तीन महिन्यांपूर्वी असं झालं असतं तर सांगता आलं नसतं.”

म्हातारे माझ्याकडे वळले. “ऐकलंत न्हवं? दूध पाजलं म्हनून.”

“आणि दूध विकलं म्हणून वेळेवर ऑपरेशन झालं,” मी म्हणाले. ते मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले नाही. पैसा आला की माणूस आपोआप धडधाकट होतो, हे माझं पुस्तकी गणित त्या गोठ्यातच मोडलं होतं. पण पैशाशिवाय तो जगतो, असंही मी त्यानंतर कधी म्हटलं नाही.

ही हकीकत मी गावात मुद्दाम सांगत फिरले, घरोघरी, जरा तिखटमीठ लावूनच. काही घरांनी संध्याकाळचं दूध ठेवायला सुरुवात केली, काहींनी मला हसून वाटेला लावलं.

दोन वर्षांनी माझी बदली कोपरगावकडे झाली. एस.टी.पर्यंत सोडायला ती सून आली होती, मुलीला कडेवर घेऊन. मुलगी चांगली गुटगुटीत होती, माझ्या पेटीवर थापा मारत होती.

“बाई, एक सांगायचं राहिलं,” ती म्हणाली. “जर्सी आता माझ्या नावावर लावलीया डेअरीत. मामंजीच म्हनले, धारा तू काढती, तर पैसं बी तूच घे. मी तिचं एक वेळचं दूध घालते आन् एक वेळचं ठेवते. कुनी सांगायला लागत न्हाई.”

“नवरा काय म्हणाला?”

“त्यो? त्याला कपभर दूध दिलं, गप बसला.”

आम्ही दोघी रस्त्यावर उभ्या राहून मोठ्याने हसलो. गाडी आली, मी चढले आणि खिडकीशी जागा धरून त्या पोरीला हात केला.