भावकूची शिंगांची फटफटी

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बातमी उठली, की भावकू फटफटीला पेंड चारतो. मालुबाईनं म्हणे डोळ्यांनी बघितलं होतं: बैलाचं घमेलं पुढ्यात, भावकू उकिडवा बसलेला, आणि तोंडानं "खा बाबा, खा" चाललेलं. बातमी निपाणीच्या बाजारात पोचेपर्यंत फटफटी रवंथही करायला लागली होती.

मी शेजारी. माझी भिंत ती त्याच्या गोठ्याची भिंत. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका. घमेल्यात पेंड नव्हती, रॉकेल होतं. त्यात फटफटीची साखळी आणि नटबोल्ट भिजत पडले होते. "खा बाबा" हे तो रॉकेलला म्हणत होता. गंज खा, म्हणून.

पण गंजापेक्षा जास्त काहीतरी भावकूलाच खात होतं, आणि त्याचं नाव मारुतीराव पाटील.

आमच्याकडे बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैल पळवतात. वेशीत दोन गडी आंब्याच्या पानांचा दोर आडवा धरतात. जो बैल तो दोर आधी तोडील, त्यानं कर तोडली, आणि वर्षभर मान त्या घराचा. पांढऱ्यानं तोडली तर जोंधळा चांगला, तांबड्यानं तोडली तर मिरची, असा म्हाताऱ्यांचा होरा. आदल्या बेंदराला भावकूचा तांबडा लख्या सगळ्यांच्या पुढं होता. लख्या दोराला भिडणार, तोच दोर धरणाऱ्या मष्णूनं, म्हणजे पाटलाच्या गड्यानं, दोर खाली सोडला. लख्याचे पुढचे पाय गुंतले. तो असा पडला की मला घरात आवाज आला. मष्णूनं दोर लगेच वर उचलला आणि पाटलाच्या पांढऱ्या बैलानं तो आरामात तोडला. मारुतीराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पडलेल्याला कसला रं मान?"

लख्या पुन्हा औताला उभा राहिला नाही. भावकूनं त्याला विकला नाही, बसून चारला. रोज संध्याकाळी त्याचा सुजलेला पाय शेकायचा आणि पाटलाच्या माडीकडं बघायचा. त्या बघण्याला मीसुद्धा भीत होतो, आणि मी पाटलाचा कुणी नव्हे.

लढाईच्या दिवसांत भावकू बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर मोटारी दुरुस्तीच्या छपरात मिस्त्र्याच्या हाताखाली होता. लढाई संपली, तिथला एक ओव्हरसीर विलायतेला गेला आणि त्याच्या जुन्यापुराण्या फटफटीचं धूड भावकूच्या पदरात पडलं. तंबाखूच्या ट्रकमधून ते गावात आलं ते पोत्यांत भरून. भावकूनं ते लख्याच्या शेजारी, रिकाम्या दावणीशी मांडलं आणि जोडायला घेतलं.

जोडली तीही कशी! हँडलची टोकं वर वळवून त्यांवर बैलाच्या शिंगांच्या टोकांना घालतात त्या पितळी शेंब्या चढवल्या. टाकीला, टाकीच्या झाकणाला, मडगार्डाला बेंदरात शिंगांना लावायचा लाल हिंगूळ दोन-दोन हात फासला. सीटवर लख्याची झूल. आणि पुढच्या चाकापासून हँडलपर्यंत एक उभी सळई ठोकून तिला खालपासून वरपर्यंत विळ्यांची पाती बसवली, धार पुढं.

मी विचारलं, "भावकू, हे रं कशाला? गवत कापायला?"

"व्हय आण्णा, गवतच. मारुतीरावाच्या दारातलं."

फक्त एक घोळ होता. फटफटी सुरू व्हायची, झोकात निघायची आणि मारुतीच्या देवळापाशी मरायची. रोज तिथंच. भावकूनं प्लग पुसला, कार्बोरेटर उघडून फुंकला, मॅग्नेटो खोलून परत बसवला. टाकीचं झाकण काढून आत बघायचा: पेट्रोल हाय. झाकण लावून किक मारली की पुन्हा सुरू, आणि तेवढंच अंतर जाऊन पुन्हा बंद. (पेट्रोल कुठनं आणायचा ते विचारू नका. त्या काळात विचारत नसत.) पोरंबाळं मागून ढकलायची आणि गाव हसायचं. पाटलानं तर मष्णूच्या हातून हिरव्या गवताचा भारा पाठवला. "मालक म्हंत्यात, तुज्या बैलाला अशक्तपणा हाय, चार."

भावकूनं भारा घेतला, लख्याला घातला आणि मष्णूला म्हणाला, "मालकाला सांग, लख्यानं खाल्ला. हिशेबात धरलाय."

बेंदराच्या आदल्या दिवशी तो गोठ्यात डोकं धरून बसला होता. त्याची बायको नागुबाई चिमणीत ओतायला रॉकेलचा नवा डबा फोडत होती. मी भिंतीवर हनुवटी टेकून होतोच.

"नागू," मी म्हटलं, "नवऱ्याला सांग, फटफटी देवळाला नवस मागतीया. नारळ फोडा."

"तुमच्या टकुऱ्यावर फोडू का, आण्णा?" ती म्हणाली आणि डब्याला खिळ्यानं दुसरं भोक पाडलं.

भावकू उगाच खेकसला, "एक भोक हाय की! दोन कशाला? सांडतंय सगळं."

"अवो, एका भोकानं तेल येतंय व्हय? वारा आत गेल्याबिगर थेंब न्हाय पडत. इतकी वर्सं तुमच्यासंगं काढली, एवढं बी ठावं न्हाय तुमास्नी?"

भावकू तिच्याकडं बघतच राहिला. मग उठला, टाकीचं झाकण काढून उजेडात धरलं. झाकणाला वारा आत जायला सुईएवढं भोक असतं, आणि ते त्यानं स्वतःच हिंगुळानं लिंपून टाकलं होतं. सजवायच्या नादात बैलाचं नाकच बुजवलं होतं गाढवानं! बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं केलं. फटफटी निघाली ती देवळावरून, मळ्यावरून सदलग्याच्या रस्त्याला लागली आणि तशीच गुरगुरत परत आली. नागुबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी. तिला कुणी शाबास म्हटलं नाही. मीही नाही, मी हसत होतो.

बेंदराच्या दिवशी भावकूनं लख्याला आंघोळ घातली आणि लंगडत लंगडत वेशीपाशी आणून झाडाला बांधला. मारुतीराव नवा फेटा बांधून वेशीत. दोर मष्णूच्याच हातात. बैल सुटले. पाटलाचा पांढरा सगळ्यांच्या पुढं. भावकू मात्र फटफटीवर बसून पांदीच्या पलीकडून, बांधाच्या कडेनं आला. बैल बुजायला नकोत म्हणून. बैलांशी त्याचं भांडण नव्हतंच. वेस जवळ आली तसा तो बांध उतरून पांढऱ्याच्या बराच पुढं रस्त्याला लागला.

"सोड! दोर खाली सोड!" मारुतीराव ओरडले. सगळ्या गावानं ऐकलं. गेल्या वर्षी हेच हळू सांगितलं होतं.

मष्णूनं दोर खाली सोडला. सळईच्या खालच्या पात्यानं तो काकडीसारखा कापला आणि आंब्याची पानं उडून पाटलाच्या फेट्यावर पडली.

गाव एकदम ओरडलं. तेवढ्यात म्हाताऱ्यांत वाद पेटला: पांढरा न्हाय, धड तांबडा न्हाय, पेट्रोलच्या वासाचा बैल, मग यंदा पिकायचं काय? कुणीतरी म्हणालं, पाटलाची पोटदुखी पिकंल.

मारुतीरावांचा चेहरा हिंगुळाहून लाल. फेट्यावरची पानं तशीच. ते म्हणाले, "बैलाची कर बैलानंच तोडायची. यंत्राला मान मिळायचा न्हाय. कळलं का रं, भावकू?"

भावकूनं फटफटी बंद केली, ती लख्याच्या शेजारी उभी केली आणि म्हणाला, "मान ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच, मारुतीआण्णा. मला आनि लख्याला फकस्त तुमचं तोंड बघायचं हुतं. बघितलं."