कठड्यापाशी एवढी जागा

आमच्या ह्यांना रागावता येत नसे. ते खातं लग्नानंतर माझ्याकडे आलं आणि मी ते मनापासून सांभाळलं.

हे घड्याळं दुरुस्त करत. रत्नागिरीच्या बाजारपेठेत एका जुन्या इमारतीच्या ओट्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, मागे खुर्ची आणि भिंतीवर टिकटिकणारी लोकांची घड्याळं. लहानपणीच्या पोलिओने त्यांचा एक पाय पार गेला होता, दुसरा नावापुरता होता. हाताने फिरवायच्या तीनचाकीवरून ते जात-येत. घरापासून दुकानापर्यंतचा रस्ता सपाट, म्हणून तर आम्ही ते भाड्याचं घर पत्करलं होतं. नाहीतर आमच्या गावात चढ-उतारांना काय तोटा!

ओट्याला तीन पायऱ्या होत्या आणि फक्त डाव्या अंगाला लोखंडी पाइपचा कठडा. हे तीनचाकी त्या कठड्याला चिकटवून उभी करत, उजव्या काखेत कुबडी घेत, डाव्या हाताने कठडा धरत आणि अंग वर ओढत. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. पाच-सात मिनिटं लागत. वर पोचले की खिशातल्या रुमालाने कपाळ पुसत आणि शेजारच्या पानवाल्या आबांना म्हणत, "काय आबा, उजाडलं का?" त्या एका वाक्यात किती रुबाब असे, हे बायकोलाच कळतं.

गावात सायकली होत्या तोवर कठड्यापाशी एवढी जागा आपोआप मोकळी राहायची. कुणी सायकल टेकवलीच तर ती उचलून बाजूला करायला आबा होते. पण ऐंशीनंतर स्कूटरी वाढल्या. मिरजोळ्याच्या कारखान्यांत लागलेली माणसं स्कूटरवरून बाजाराला यायला लागली, आणि पेठेत सावली ती काय आमच्या कठड्यापाशीच. स्कूटर उभी करायची, हॅन्डलला कुलूप लावायचं आणि जाता जाता म्हणायचं, "दोन मिनिटांत आलोच." दोन मिनिटं किती लांब असू शकतात, हे घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला रोज उन्हात बसून शिकावं लागलं. काही जण मोठ्या उदार मनाने स्कूटर जराशी सरकवून लावत. पण तीनचाकीतून उतरायला बाजूला हातभर जागा लागते, कुबडी टेकायला आणखी हातभर. ती कोणाच्या ध्यानात यायची नाही.

आणि लोक वाईट होते असं मुळीच नाही. उलट फार चांगले होते, तीच तर पंचाईत. ह्यांना उन्हात थांबलेलं पाहिलं की चार जण धावत येत. "चला रे, उचला घड्याळमास्तरांना!" दोघं काखेत हात घालत, दोघं पाय धरत आणि भाताचं पोतं माडीवर न्यावं तसं ह्यांना वर नेऊन ठेवत. चप्पल खाली राही, सदरा वर सरके. समोर गिऱ्हाईक उभं असे. हे हसून "आभारी आहे" म्हणत. हात थरथरतो म्हणून मग तासभर बारीक स्क्रूला हात लावत नसत.

मी एकदा पाहिलं ते. डबा घेऊन गेले होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी भांडी आदळली, स्कूटरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे शांतपणे जेवत होते. शेवटी म्हणाले, "अगं, माणसं मला उचलायला तयार आहेत. स्कूटर उचलायला कुणी तयार नाही." मला रडू आलं.

"मग सांगा ना त्यांना!"

"काय सांगू? मदत करू नका म्हणून?"

मग मीच उपाय काढला. परसातल्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, एक फुटका, अर्धा चिरा घेतला, त्याला चुना फासला आणि दुसऱ्या दिवशी पेठ उघडायच्या आधी, कडेवर मूल घ्यावं तसा तो जांभा दगड नेऊन कठड्यासमोरच्या जागेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर ठेवून आले. वर काही लिहावं असं मनात आलं होतं. पण लिहिणार काय? 'अपंगांसाठी राखीव' हे शब्द मी एसटीच्या सीटवर वाचले होते. ते माझ्या नवऱ्यासाठी माझ्या हाताने मला लिहवेनात. म्हटलं, पांढरा चिरा दिसला की शहाण्याला कळेल.

शहाण्याला भलतंच कळलं. दोन दिवस सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी चिऱ्यावर जास्वंदीचं फूल. सोमवारी नारळ आणि उदबत्ती. आठवड्याभरात कुणा म्हाताऱ्याला आठवलंसुद्धा की पूर्वी इथे पिंपळ होता आणि त्याखाली गावाची राखण करणाऱ्या देवाची, राखणदाराची जागा होती. पेठ बांधताना तिचा विसर पडला, म्हणून आता त्याने स्वतःहून दर्शन दिलं. कोकणातल्या माणसाला पांढरा चिरा एकटा दिसला की त्याचे हात आपोआप जोडले जातात, हे मी कोकणातलीच असून विसरले होते.

स्कूटरी गेल्या. एकही फिरकेना. पण त्यांच्याबरोबर आमची तीनचाकीही गेली! हे जागेशी आले की आबा हात जोडून पुढे होत. "मास्तर, तितं नुको. देवाच्या वाटंत गाडी बरी नाय. तुमी पलीकडं लावा, आमी उचलताव तुमास्नी." आणि आता उचलायला चारांऐवजी सहा जण येत, कारण देवासमोर पुण्य जास्त.

घरी हे मला म्हणाले, "तू देव आणलास. आता विसर्जनही तूच कर." मी हसले नाही. त्यांनाही हसणं फार वेळ जमलं नाही. पंधरा दिवस असे गेले आणि एका सकाळी तीनचाकीची साखळी पुसता पुसता ते सहज विचारावं तसं म्हणाले, "घरीच टेबल मांडू या का? गिऱ्हाईक येईल हळूहळू."

मला धस्स झालं. हा माणूस त्या पाच-सात मिनिटांसाठी रोज दाढी करायचा. ती गेली तर तो घरात बसणार, आणि मी त्याला जागच्या जागी चहा देत राहणार. माझ्या चिऱ्याने हे केलं होतं.

मी तडक पेठेच्या टोकाला बसणाऱ्या मावशींकडे गेले. त्या भाट्याहून मासे घेऊन यायच्या, पेठेतलं पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे. मी सगळं कबूल करून टाकलं. चिरा माझा, चुना माझा, देवबिव काही नाही, आत्ताच्या आत्ता उचलून नेते.

मावशींनी सुरी थांबवली नाही. "बाय गो, चिरा तू आनलास. पन फूल तू ठेवलंस काय?"

"नाही."

"नारळ?"

"नाही हो."

"मग तुजा कसा तो? आता सगल्यांचा झाला." बांगड्याची खवलं झटकत त्या म्हणाल्या, "तुज्या मालकाला जागा हवी हाय ना? मग देवाकडं मागावी. गाऱ्हानं घाला म्हनावं आबाला."

आबा त्यांच्या गावच्या देवळातले मानकरी. शिमग्यात, जत्रेत सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. ते लगेच तयार झाले. त्यांनाही मास्तरांची अडचण खुपत असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी चिऱ्यासमोर नारळ आला, पेठेतली वीस-पंचवीस माणसं जमली. दोन स्कूटरवालेही होते. हे तीनचाकीत मान खाली घालून बसलेले. मी मागे उभी.

आबांनी आवाज लावला. "बा राखणदारा म्हाराजा! ह्यो घड्याळमास्तर आज तुज्या दारात उबा ऱ्हायलाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे.

"त्येला तुज्या पायाशी गाडी लावायची हाय. काय चूकमाक आसल ती पोटात घाल आनि त्येची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग आबा वळले. "मास्तर, आता तुमचं मागनं तुमच्या तोंडान सांगा. गाऱ्हान्यात मुक्यान चालत नाय."

ह्यांनी वर पाहिलं. आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि ह्या माणसाने कुणाकडे पाण्याचा पेला मागितलेला मी पाहिला नव्हता. घसा खाकरला. मी मनात म्हटलं, देवा, तू खरा नसलास तरी चालेल, पण ह्यांना बोलू दे.

"मला उचलू नका," हे म्हणाले.

आबा चमकले. कुणीच होय म्हणालं नाही.

"तुमचं मन चांगलं आहे. पण उचलू नका. कठड्यापाशी एवढी जागा ठेवा, बाजूला कुबडी टेकण्यापुरती ठेवा. दोन मिनिटांसाठीसुद्धा तिथे काही लावू नका. मी माझा चढेन. मला वेळ लागतो. तो लागू दे."

एवढं बोलेपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते. मासेवाल्या मावशी पहिल्यांदा ओरडल्या, आणि मग सगळी पेठ.

"होय म्हाराजा!"

देवासमोर होय म्हटलेलं आमच्याकडे कुणी मोडत नाही. पाटी लिहून, दंड लावून जे झालं नसतं ते झालं होतं.

आबांनी नारळ फोडला. ह्यांनी तीनचाकी आत घेतली, कठड्याला चिकटवली. कुबडी काखेत. एक पायरी. वीस-पंचवीस माणसं हात मागे बांधून बघत उभी होती. काहींना ते फार जड जात होतं, बोटं बोटांत अडकवून धरली होती. दुसरी पायरी. तिथे कुबडी जराशी सरकली, हे कलले, कठडा करकरला. कुणी हललं नाही.

हे सावरले. मग त्यांनी वळून खाली पाहिलं, आबांकडे नाही, मावशींकडे नाही, माझ्याकडे. तेव्हा मला कळलं की सगळ्या पेठेत एकच हात पुढे झाला होता आणि तो माझा होता.

मी तो मागे घेतला.